तेल लावून समुद्रात

जबलपूरला समुद्र नाही. आम्हाला नर्मदा आहे, आणि तेवढं पाणी माणसाला पुरे, असं इथल्या प्रत्येकाचं ठाम मत. अशा गावातली माणसं गोळा करून अंदमानच्या बेटावर न्यायची, तिथं त्यांना पाण्यात ढकलायचं, मग बाहेर काढून त्यांची मालिश करवायची आणि धडधाकट परत आणायची, हा माझा धंदा होता. केस काळे होते तेव्हा सुरू केला, पांढरे झाले तेव्हा सोडला. माझी आई शेवटपर्यंत शेजारणींना सांगायची, "आमची शैला ट्रॅव्हलमध्ये आहे," आणि पुढचं कोणी विचारायच्या आत विषय बदलायची.

जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात एका मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. मालक मिश्राजी. हा माणूस भेडाघाटच्या होडीत बसला तरी पांढरा पडायचा, पण समुद्र विकावा तर त्यानंच. "भाभीजी, पानी ऐसा कि नीचे गिरी हुई सुई दिख जाए!" असं तो खालून आलेली गरम जिलेबी खातखात सांगायचा आणि भाभीजी तिथंच नाव नोंदवून मोकळ्या व्हायच्या. नंतर ती सुई दाखवायची जबाबदारी माझी.

लोकांना वाटतं, सहलीबरोबर जाणारी बाई म्हणजे छत्री उंच धरून पुढं चालणारी. तसं नसतं हो. आमच्या सहलीचा नियम असा, की एक दिवस धावपळ आणि एक दिवस लोळण. धावपळीच्या दिवशी जंगलातून चढून जायचं, अरुंद होडी स्वतः वल्हवायची, आणि मुख्य म्हणजे स्नॉर्केलिंग करायचं. म्हणजे डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मास्क बसवायचा, तोंडात श्वासाची नळी धरायची आणि पाण्यावर पालथं पडून खालचे मासे, पोवळी बघायची. पोहता आलंच पाहिजे असं नाही. अंगात जॅकेट असतं, हातात रबराची रिंग असते, आणि गाइड ती रिंग ओढत नेतो. लोळणीच्या दिवशी मालिश, कपाळावर तेलाची धार, नारळाच्या झाडांना बांधलेला झोपाळा आणि शहाळं.

आता खरं सांगू? पाण्यात उतरवणं सोपं असायचं. आपल्या माणसांना आराम करायला लावणं महाकठीण. "आराम तर घरीबी करतोच न, त्यासाठी इतक्या दूर काहून यायचं?" हा पहिला प्रश्न. पुरुषमंडळींना मालिश म्हटलं की राग यायचा. "मी काय पैलवान आहे का बाळंतीण?" असं एका हेडमास्तरांनी मला विचारलं होतं. तासाभरानं तेच हेडमास्तर त्या टेबलावर असे घोरत होते, की शेजारच्या खोलीतल्या बाईंनी तक्रार केली.

बायकांचं वेगळंच. मंगळसूत्र मुठीत घट्ट धरून, डोळे मिटून, शिक्षा झाल्यासारख्या पडायच्या. एकदा एक बाई मालिश सुरू होताच हमसून रडायला लागल्या. मी धावले, म्हटलं तेल फार गरम झालं की काय. तर म्हणाल्या, "तेल बरोबर आहे गं. माझ्या बाळंतपणानंतर आज पहिल्यांदा कोणी अंगाला हात लावून विचारलं, कुठं दुखतं म्हणून." मी तशीच बाहेर आले. त्यांना मी दुसऱ्या दिवशीही मालिशीला पाठवलं, आणि मिश्राजींना काय सांगायचं ते नंतर बघून घेतलं.

आणि आमच्या लोकांच्या तऱ्हा! समुद्र दिसला की सगळे आधी वाकणार, पाणी डोळ्यांना लावणार आणि मोठ्यानं "नर्मदे हर" म्हणणार. समुद्राला काय वाटत असेल, तोच जाणे. एका बाईंनी घरून नर्मदाजल आणलं होतं, समुद्रात सोडायला. मोठ्या भक्तिभावानं सोडलं, हात जोडले. मी गप्प बसायला हवं होतं. पण जीभ वळवळली. म्हटलं, "बाई, नर्मदा तर पश्चिमेच्या समुद्राला मिळते. हा पूर्वेचा. तुम्ही तिला भलत्याच घरी नेऊन सोडली की!" त्या बाई उरलेली सगळी सहल माझ्याशी बोलल्या नाहीत.

वानखेडेकाकांबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाताच येणार नाही. कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, आणि मिशी अशी की लहान पोरं रस्त्यात थांबून बघायची. मिशी आणि मास्क यांचं हाडवैर असतं. केसांमुळे मास्कची रबरी कड कातडीला चिकटत नाही आणि फटीतून पाणी आत येतं. आमचा गाइड पीटर, रांचीकडच्या घराण्यातला, त्याच बेटावर जन्मलेला, अतिशय नम्रपणे म्हणाला, "अंकल, थोड़ा छाँट दें?" काका असे बघायला लागले, जणू त्यानं नाकच मागितलं. मग व्हॅसलीन चोपडलं. तरी पाणी गेलंच. काका खोकत बाहेर आले आणि मिशीत अख्खा किनारा चिकटला. काकू इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की वाळूत बसल्या.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला एक अनोळखी गृहस्थ आमच्या टेबलाशी येऊन बसले. मी म्हटलं, "भाईसाहब, ये टेबल बुक है." ते म्हणाले, "शैलाताई, मीच." खोलीत स्वतःच्या हातानं उडवली होती! त्या दिवशी ते मनसोक्त पाण्यात राहिले. बाहेर आल्यावर विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "मासे काही खास नव्हते." परतीच्या गाडीत हावड्यापासून जबलपूरपर्यंत त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. स्टेशनवर त्यांचा सख्खा भाऊ घ्यायला आला होता. तो काकूंच्या पाया पडला आणि म्हणाला, "वहिनी, दादा कुठं राहिला?"

मी स्वतः मात्र कधी त्या पाण्याखाली डोकं घातलं नाही. कोणीतरी किनाऱ्यावर लागतं न. सगळ्यांचे चष्मे, चपला, कवळ्या, गळ्यातले दागिने माझ्या पिशवीत. पिशवी टाकून जाणार कशी? पुढच्या खेपेला जाऊ म्हणता म्हणता खेपा संपल्या. त्याची चुटपुट आहे, नाही असं नाही.

आता सुमनकाकू.

सुमनकाकू आमच्या जबलपुरातल्या चेरीतालच्या. नवरा दोनेक वर्षांपूर्वी गेलेला. सहलीला मुलगा हेमंत आणि सून वृंदा यांच्याबरोबर आल्या होत्या. हेमंत बँकेत, चाळिशीचा, आईची फार काळजी घेणारा. इतकी, की बघणाऱ्याचा जीव गुदमरावा. "आई, उन्हात नको. आई, वाळूत पाय वळेल. आई, शहाळं थंड आहे." ऑफिसात नाव नोंदवतानाच त्यानं मला बजावलं होतं, "शैलाताई, आई किनाऱ्यावर बसेल. पाण्यात पाय पण टाकणार नाही. मी बी नाही टाकणार."

गाडीत रात्रीचे डबे उघडले तेव्हा काकू माझ्या शेजारी सरकल्या आणि पोळीचा तुकडा मोडत, हळूच म्हणाल्या, "तुझ्या त्या नळीवाल्या खेळाला वयाची अट आहे का गं?"

मी विचारलं, "पोहता येतं?"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की मलाच लाज वाटली. माहेर नर्मदेकाठच्या ग्वारीघाटचं. लहानपणी पोरांबरोबर पैज लावून पल्याड जायच्या आणि परत यायच्या. लग्नानंतरही पर्वणीला घाटावर गेल्या की नवरा पायरीवर बसायचा आणि ह्या दूरपर्यंत हात मारून यायच्या. मग एकाएकी ते बंद झालं. काहून बंद झालं, ते तेव्हा नाही सांगितलं. फक्त म्हणाल्या, "आता परतल्यावर दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. मग मी अन् काठी. त्याच्या आधी एकदा पाण्यात हातपाय मारून घेऊ दे मला. एकदाच गं. मग पडून राहीन बापा, म्हणाल तिथं."

डॉक्टरांना विचारलं का, म्हटलं. तर डॉक्टरांनीच सांगितलं होतं, की जिन्यापेक्षा पाणी बरं तुमच्या गुडघ्यांना. हेमंतला मात्र सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर त्यानं आईला हावड्याहूनच परत नेलं असतं.

चलो, मग काय! कट रचला. कटात मी, काकू, पीटर आणि सून वृंदा. वृंदा तर सगळ्यात उत्साही. "ताई, यांची मान तीन महिन्यांपासून दुखून राहिली, मालिशीला हेच निमित्त." लोळणीच्या दिवशी सकाळी हेमंतला मालिशीच्या झोपडीत पाठवायचं, तेवढ्यात काकू पाण्यात जाऊन परत. झोपडीच्या दाराशी वृंदा मासिक वाचत पहाऱ्यावर. मालिशवाले कुट्टनजी केरळचे, धीराचे गृहस्थ. त्यांना मी सांगितलं, "कुट्टनजी, इनकी गर्दन का मामला पुराना है. जल्दी मत कीजिए." ते म्हणाले, "मैडम, हम जल्दी करते ही नहीं."

सगळं ठरल्यासारखं झालं. हेमंत आत गेला, दार लागलं, वृंदानं मासिक उघडलं. समुद्र त्या दिवशी ताटातल्या पाण्यासारखा शांत होता. पीटर मास्क घेऊन तयार. आणि खोलीतून काकू आल्या. सुनेचा पंजाबी ड्रेस घातलेला, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बाई नुसत्या चमकत होत्या! डोक्यापासून पायापर्यंत तिळाचं तेल.

"हे काय केलं काकू?"

"काय म्हणजे? पाण्यात उतरायचं तर अंगाला तेल नको? थंडी भरते. आम्ही ग्वारीघाटला असंच उतरायचो."

माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत मिशीचा अनुभव होता, तेलाचा नव्हता. पीटरनं मास्क लावला, तो नाकावरून हनुवटीवर आला. पुन्हा लावला, पुन्हा आला. पाण्यात तोंड घातलं तर क्षणात आत पाणीच पाणी. पीटर म्हणाला, "दीदी, टिक ही नहीं रहा. पूरा मुँह धोना पड़ेगा." साबण लावला, उपयोग नाही. चेरीतालची बाई, तेल मनापासून चोळलेलं. काकूंचं तोंड एवढंसं झालं. "राहू दे गं," म्हणाल्या, "नसेल माझ्या नशिबात."

तेवढ्यात मला आठवलं, वृंदाला साबण सोसत नाही, ती तोंडाला बेसन लावते. मी झोपडीकडे पळत गेले, तिला खुणावलं. वृंदा मासिक टाकून खोलीकडे धावली, बेसनाचा डबा घेऊन किनाऱ्यावर आली आणि आम्ही दोघींनी मिळून काकूंचा चेहरा रगडायला घेतला. झोपडीच्या दाराशी आता कोणीच नाही, हे आमच्या तिघींच्याही डोक्यातून साफ गेलं.

बेसन लावता लावता काकू बोलल्या. डोळे मिटलेले, तोंड पिवळं झालेलं. "हेमू लहान होता. संक्रांतीला तिलवाराच्या घाटावर गेलो होतो, जत्रेला. पायरीवरून घसरला आणि गेला खाली. मी उडी टाकली, काढला त्याला. जिवंत काढला. पण ह्यांनी तिथंच घाटावर सांगितलं, आजपासून ह्या घरातलं कोणी पाण्यात पाय घालणार नाही. पोराला मी वाचवला, आणि पाणी माझंच बंद झालं. मी काही बोलले नाही. हेमूनं तर त्यानंतर बादलीतच अंघोळ केली. मैत्रीण असलेलं पाणी त्याला राक्षस वाटायला लागलं, ते मला जास्त लागलं बघ."

वृंदाचा हात थांबला होता. तिलाही हे माहीत नव्हतं. मला गलबलून आलं, पण वेळ नव्हता. चेहरा धुतला, मास्क लावला, आणि या खेपेला तो घट्ट बसला. काकू पाण्यात शिरल्या. मी सांगते, तो पहिला हात मारला न त्यांनी, त्यात म्हातारपण औषधाला नव्हतं. पीटर रिंग धरून बसला आणि रिंगच त्यांच्या मागं निघाली.

पोवळी सुरू होतात ती जागा थोडी पुढं असते. त्या तिथं पोचणारच होत्या, आणि झोपडीत कुट्टनजी हेमंतच्या तळपायापर्यंत पोचले.

हेमंतला गुदगुल्या होतात हे वृंदानं सांगायला नको होतं का? तो किंचाळून टेबलावरून उठला, कमरेला पंचा गुंडाळून बाहेर आला, आणि दाराशी बायको नाही. समोर किनाऱ्यावर बायको आणि मी. बायकोच्या हातात बेसनाचा डबा, माझ्या हातात त्याच्या आईचा चष्मा. त्यानं समुद्राकडे बघितलं.

"आई!"

ती हाक आठवली की आजही अंगावर काटा येतो. तो वाळूतून धावत आला, पडला, उठला, तेलकट अंगाला सगळी वाळू लागली. मी आडवी झाले, "भैया, जॅकेट आहे त्यांना, पीटर आहे..." तो ऐकतोय कुठं! सरळ पाण्यात. गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, कमरेपर्यंत. आणि तिथं त्याला कळलं आपण कुठं उभे आहोत. तो जागीच थिजला.

तिकडे काकूंनी डोकं वर काढलं होतं. त्यांनी मुलाला पाण्यात बघितलं आणि रिंग सोडून दिली. एवढ्या वर्षांनी पाणी मिळालं होतं, अजून एक मासा दिसला नव्हता, आणि बाई उलट्या फिरून किनाऱ्याकडे हात मारत निघाल्या. पीटर मागं राहिला.

मग कमरेएवढ्या पाण्यात मायलेकांची जी जुंपली!

"हेमू, बाहेर हो आधी!"

"तू बाहेर हो!"

"तुला पोहता येत नाही!"

"तुझे गुडघे खराब आहेत!"

"गुडघ्यांचं काय काम इथं? काहून आला तू पाण्यात?"

"तू काहून गेली? बाबांनी सांगितलं होतं न!"

काकूंनी मास्क कपाळावर सरकवला. आवाज एकदम खाली आला. "बाबांनी सांगितलं ते भीतीपायी. मी ऐकलं ते त्यांच्यापायी. आता ते नाहीत. तू काहून त्यांची भीती धरून बसला रे राजा?"

एक लहानशी लाट आली. हेमंतनं आईचा दंड पकडला. त्याची बोटं तेलावरून घसरली, त्यानं पुन्हा पकडला. मी किनाऱ्यावर मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा करत होते.

मग त्यानं विचारलं, "मासे दिसले का?"

"कुठं दिसले! तू आला न मधेच."

त्यानं मान खाली घातली. आणि म्हणाला, "जा. बघून ये."

"तू बाहेर जाऊन उभा राह, मग जाते."

"नाही. मी इथंच उभा राहतो."

"हेमू..."

"जा न आई! जा म्हटलं न."

काकू गेल्या. मी म्हटलं, "भैया, तुम्ही या बाहेर, मी बघते." तो माझ्याकडे न वळता म्हणाला, "शैलाताई, तुम्ही तर बोलूच नका. जबलपूरला गेल्यावर मिश्राजींकडे तुमची तक्रार करणार आहे." मी म्हटलं, "करा." तो तसाच उभा राहिला, दोन्ही मुठी आवळून, नजर त्या रिंगवर. ओठ हलत होते. मला शिव्या देत असावा. लाट आली की डोळे मिटायचा आणि गेली की उघडायचा. वृंदा साडीसकट पाण्यात शिरून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्यानं तिलाही ओरडून घेतलं, पण बाहेर जा असं नाही म्हणाला.

काकू पुष्कळ वेळ फिरल्या. पीटरनं त्यांना पार त्या कडेपर्यंत नेऊन आणलं. परत आल्या त्या पालथ्याच, मास्क पाण्यात, थेट मुलाच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. हेमंत वृंदाचा हात धरून, एकेक पाऊल चाचपत बाहेर निघाला.

काकू मात्र तिथंच उभ्या. मी पाण्यात शिरून त्यांना चष्मा दिला आणि सगळ्यांना विचारते तेच विचारलं, "काय काय दिसलं, काकू?"

"दिसले न. निळे होते, पिवळे होते. एक चपटा होता, पट्ट्यापट्ट्यांचा. पीटर म्हणत होता कासव होतं, मला नाही दिसलं." त्यांनी चष्मा लावला नाही, हातातच धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"अन् येताना हेमूचे पाय दिसले गं. पाण्यात. कापत होते बिचारे. पण उभे होते."